करंगळीएवढी स्प्रिंग

आमच्या पाटोद्यात परवान्यानं बंदुका दुरुस्त करणारे नबी मिस्त्री एकटेच उरलेत. वय पंच्याहत्तर, गिऱ्हाईक वर्षाला दोन. परवा आबासाहेब वडिलांची विलायती बंदूक घेऊन आले. तिच्या घोड्याची स्प्रिंग गेलती. तशी नवी धाडायला त्यांनी इंग्लंडातल्या लेकीला, वनिताला, सांगितलं होतं.

"कंपनी म्हणती, तिकडच्या सरकारचा निर्यात परवाना पायजे," आबासाहेब वैतागले. " इकडं आयातीचा येगळा. करंगळीएवढी स्प्रिंग, अन् जणू तोफ मागवलीय! कागदं गोळा करता करता मरंन मी."

"पूर्वी मुंबईच्या दुकानाला पत्र टाकलं की यायची, तेलकट कागदात गुंडाळून," नबी हळहळले. "पर आबासाहेब, दसऱ्याला पुजायची अन् इलेक्शनला ठाण्यात जमा करायची बंदूक. स्प्रिंग कावून पायजे?"

आबासाहेब आधी चिडले. मग हळूच म्हणाले, "वडील घोडा ओढायचे, तवा 'कट्ट' वाजायचं. तेवढंच ऐकायचं व्हतं."

ती बंदूक नबींनी चाळीस वर्षं हाताळलेली. त्यांनी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली आणि आवाज काढला, "कट्ट."

आबासाहेब खुर्चीत सावरून बसले.

"पुन्यांदा," ते म्हणाले.