आजचं चित्र, उद्याचं चित्र

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होते. शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटीनं जायचे. विभागात आम्ही दोघंच, मी आणि माझे वरिष्ठ. ते खर्डीकडचे. मला नोकरीला त्यांनीच लावलं, प्रोग्राम लिहायलाही त्यांनीच शिकवलं. मी त्यांना दादा म्हणायचे, आणि आमच्या घरीही त्यांचं येणं-जाणं होतं.

स्टोअरचा प्रोग्राम माझा. आमचा कच्चा माल माळशेज घाट उतरून यायचा. दरड कोसळून घाट बंद झाला, की कोणत्या मालाऐवजी कोणता चालेल, हे तो प्रोग्राम सांगायचा. स्टोअरकीपरशेजारी बसून दोन पावसाळे मी ते जमवलं होतं.

कंपनीचे कारखाने बरेच, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बेअरिंग एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा कोड निराळा. म्हणून मुंबईच्या हेड ऑफिसनं ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ नावाचं काम काढलं. मला वाटलं, नवी इमारत बांधतायत. दादा हसले आणि त्यांनी फळ्यावर चार आडवे पट्टे काढले. सगळ्यात वर धंदा, म्हणजे कोण काय काम करतं. त्याखाली त्या कामाला लागणारी माहिती. त्याखाली प्रोग्राम. तळाशी मशिनी आणि वायरी. आधी कंपनीचं आजचं चित्र या पट्ट्यांत मांडायचं, मग उद्याचं, आणि मग एकावरून दुसऱ्यावर कसं जायचं ते ठरवायचं. याला ते फ्रेमवर्क म्हणत.

मला ते मनापासून आवडलं. इतकी वर्षं नुसता पसारा वाटणाऱ्या गोष्टींना एकदम जागा मिळाली होती.

“आजचं चित्र तूच काढ गो,” दादा म्हणाले. “तुज्याइतकं कोनाला ठाव नाय.”

“आन् उद्याचं?”

“ते वरून ठरंल. पन आपला प्रोग्राम सगळ्या कारखान्यांत जाईल, बघ.”

मी गेटपासून डिस्पॅचपर्यंत सगळीकडे फिरले. माणसं माझ्याशी मोकळेपणानं बोलली, कारण मी त्यांच्यातलीच होते. सगळं नीट मांडून दादांच्या हाती दिलं.

उद्याचं चित्र आम्हा कारखान्यातल्या लोकांना मीटिंगमध्येच दिसलं. हेड ऑफिसची माणसं रांगेनं बसली होती आणि टाय लावून दादा पडद्यापाशी उभे होते. प्रोग्रामच्या पट्ट्यात सगळ्या कारखान्यांसाठी एकच विकत घेतलेला प्रोग्राम होता. माझा कुठेच नव्हता. मुरबाडचा विभाग बंद. मुंबईत नवा विभाग, आणि त्याचे प्रमुख दादा.

मी उभी राहिले. “दादा, घाट बंद झाला तर काय करायचं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या साहेबांकडे बघत, एकेका कारखान्याच्या अडचणी या योजनेत धरलेल्या नाहीत, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. तोवर ते माझ्याशी कधी इंग्रजीत बोलले नव्हते. स्टोअरकीपर माझ्याकडे बघत राहिला. हे मला ठाऊक होतं, असंच त्याला वाटलं असणार.

मीटिंग संपल्यावर मी त्यांना कॅन्टीनच्या मागे गाठलं.

“तुमाला कदीपासून ठाव होतं?”

“पयल्यापासून.”

“मंग सांगितलं का नाय?”

“सांगितलं असतं तर तू म्हायती दिली नसतीस.”

मी दिली असती. चिडले असते, रडले असते, पण दिली असती. त्या बेअरिंगच्या कोडांचा घोळ मलाही सलत होता, आणि एकच प्रोग्राम हवा हे मलाही पटलं असतं. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांना माझ्याबद्दल एवढंही कळलं नव्हतं. नोकरी जाण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दिवाळीआधी मी राजीनामा दिला आणि शहापूरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवू लागले. दादांचं घरी येणं थांबलं. आईनं दोनदा विचारलं, “तुजं दादा हल्ली येत नाय गो?”

“मुंबईला बदली झालीय,” मी म्हणाले. खरं सांगितलं असतं तर तिनं त्यांना शिव्या घातल्या असत्या, आणि त्या ऐकून घ्यायची माझी अजून तयारी नव्हती.