चार तुकड्यांची काठी

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात बाई शिरली की दुकानदार आधी तिच्या मागे बघतो, नवरा कुठं आहे म्हणून. माझ्या मागे कुणी नव्हतं. मी म्हटलं, "काका, मागं काय बघता, गिऱ्हाईक पुढं उभं आहे." हे मी गुजरातीत म्हटलं. माझी गुजराती चांगली कडक आहे. मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात दिवसभर बसल्यावर दुसरं काय होणार.

काठी हवी होती आप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडलांसाठी. आप्पा खानदेशातून सुरतेच्या उधन्याला आले ते कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायला, आणि हातपाय चालत होते तोवर लूमवरच राहिले. त्या खडखडाटानं कान गेले. मग छातीनं दगा दिला. चार पावलं चालले की भिंतीला हात लावून थांबायचे आणि कॅलेंडर बघायला थांबलोय असं दाखवायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता यात सुधारणा नाही, मनात असेल ते करू द्या. मी दोन गल्ल्या सोडून सासरी राहते, पण त्या दिवशी सरळ माहेरीच गेले आणि आप्पांना खुणांनी विचारलं, काय करावंसं वाटतं.

त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "अखाजीले गाव जाऊ," म्हणाले. "डोहवर एकदाव बसाले जानं शे माले."

अखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया, खानदेशातला सगळ्यात मोठा सण. आमच्या गावाजवळ तापीला एक डोह आहे. भर उन्हाळ्यातही आटत नाही. तरुणपणी आप्पा तिथं गळ टाकून बसायचे. मी म्हटलं, तापी काय इथं नाही का, पुलाखालून वाहतेय, रिक्षानं नेते उद्याच. आप्पांनी नाक मुरडलं. "आठेनी तापी कामवर येल शे," म्हणाले. "तठेनी घरनी शे." इथली नदी कामाला आलेली, तिकडची घरची.

तर काठी. बांबूची न्यायची सोय नव्हती. अखाजीला अर्धं उधना गावी निघतं, गाडीत माणसाला पाय ठेवायला जागा नसते, तिथं बांबू कुठं आडवा करणार. म्हणजे पिशवीत मावणारी हवी. आप्पांचं मनगट लगेच दमायचं, म्हणजे हलकी हवी. आणि माझ्या ऐपतीतली हवी. दुकानदारकाकांनी आधी एकात एक सरकणारी काठी काढली, रेडिओच्या एरियलसारखी. उघडली ती झटक्यात, मिटायला मात्र तयार नाही. काका तिला टेबलावर आपटायला लागले. मी म्हटलं, दुकानात ही गत, तर नदीच्या वाळूत काय होईल.

मग त्यांनी माळ्यावरून एक धुळीनं माखलेली पिशवी काढली. आत काठीचे चार तुकडे, एकेक कापडाच्या वेगळ्या खोळीत. "बेन, आ तो फ्लाय रॉड छे," ते म्हणाले. कुणा हौशी माणसानं मागवली आणि न्यायला आलाच नाही. सुरतेत ती कुणी घेत नाही म्हणून स्वस्तात देतो म्हणाले. त्यांनी समजावून सांगितलं की ही बसून धरायची काठी नाही. हिला वजन लावत नाहीत, जाड दोरीच हवेत मागेपुढे फिरवून फेकतात, टोकाला पिसाची खोटी माशी. मी तुकडे जोडून काठी हातात घेतली. हातात काही आहे असं वाटेना. काकांनी काठीत दोरी ओवली, तिचं टोक दुकानाच्या दारापर्यंत नेऊन नखानं नुसतं टिचकावलं, आणि ते माझ्या तळहाताला कळलं.

मला आप्पांचे हात आठवले. लूमवर सुताच्या हजार तारा पळत असतात, त्यातली एक ढिली पडली तर कान गेलेला कारीगर ती बोटांनी ओळखतो. मी म्हटलं, फेकायला सांगतंय कोण, पाण्यात सोडून बसतील. काका मान हलवत राहिले, पण त्यांनी काठीची पिवळी जाड दोरी आणि पुढचा बारीक पारदर्शक नायलॉनचा तंगूस एकमेकांना गाठ मारून जोडून दिला आणि ओढून दाखवला. गाठ चांगली हरभऱ्याएवढी होती.

घरी आप्पांनी पिशवी उघडली आणि एकेक तुकडा खोळीतून काढून मांडीवर ठेवला. मायनं, म्हणजे आईनं, विचारलं, एवढीशी काठी, आणि हिच्यात मासा येतो का. तुकडे जोडून झाल्यावर आप्पांनी डोळे मिटले आणि सगळी दोरी चिमटीतून सरकवायला सुरुवात केली. जन्मभराची सवय. सूत हातात आलं की आधी तपासायचं. सरकता सरकता चिमटी काकांच्या गाठीवर थांबली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"हाई गाठ शे का काय शे?" ते म्हणाले. "कापडमा अशी गाठ गयी ते शेठ घर धाडी दी." आणि मायच्या डब्यातली कात्री घेऊन त्यांनी ती कापून टाकली.

आप्पांच्या गाठीचं लूमच्या शेडमध्ये नाव होतं. तुटलेली तार ते अशी जोडायचे की कापडावरून हात फिरवला तरी लागायची नाही. नवीन कारीगरांना ते एकच गोष्ट घोकून द्यायचे: तार तुटली तर सूत वाईट, त्यात तुझा दोष नाही, पण गाठ सुटली तर मान खाली घाल. त्या दिवशी त्यांनी तशीच गाठ मारली. अंगठा, एक पीळ, झालं. एरवी पाण्याचा पेला धरताना थरथरणारे हात त्या क्षणाला अगदी स्थिर होते. माय चुलीपुढून बघत होती, तिच्या हातातली पोळी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मीही बघत बसले. सुताला धरणारी गाठ गुळगुळीत तंगूसाला धरत नाही, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आप्पा, माय आणि मी गावी चुलत्यांकडे उतरलो. अखाजीच्या सकाळी त्यांच्याकडची प्लॅस्टिकची खुर्ची मी डोक्यावर घेतली आणि आम्ही तिघं बसत-उठत डोहावर पोचलो. बाभळीच्या सावलीत आप्पांना बसवलं. त्यांनी स्वतः कणकेचा गोळा गळाला लावला आणि दोरी पाण्यात सोडली. मग जे बसले ते बसले. मी इतकी वर्षं त्यांना कामावर जाताना पाहिलं, कामावरून येताना पाहिलं, झोपलेलं पाहिलं. असं नुसतं बसलेलं मी त्यांना पाहिलंच नव्हतं. मला हेवा वाटला त्या पाण्याचा, खरं सांगते.

ऊन वर आलं तेव्हा काठी वाकली. वाकली म्हणजे टोक पाण्यात गेलं. आप्पा ओरडले, "धर, धर," बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, आणि स्वतःच खुर्चीतून उठले, कशाचाही आधार न घेता. मी त्यांच्या कंबरेला धरलं. हसत होते ते. धाप लागली होती आणि हसत होते. मासा एकदा वर पलटला, त्याची पाठ तेवढी दिसली, चांगली हातभर. मग काठी एकदम सरळ झाली.

आप्पा खुर्चीत बसले. दोरी मी ओढून घेतली. पिवळ्या दोरीच्या टोकाला बारीकसं वेटोळं होतं, गाठीतून निसटलेल्या दोरीला पडतं तसं. तुटलेलं टोक असं नसतं. मला बघताक्षणी कळलं, आप्पांची गाठ सुटली होती. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, इतकं बारीक त्यांना दिसणार नव्हतं. त्यांनी हात पुढं केला, टोक चिमटीत घेतलं, आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. काय झालं?

लूमवरच्या आवाजात कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारीगर खुणांनी बोलतात. आमचं घरही त्याच खुणांवर चालायचं. दोन्ही हातांच्या चिमटी जुळवायच्या आणि झटक्यात लांब न्यायच्या, की झालं, तार तुटली. मी ती खूण केली.

आप्पा माझ्या हातांकडे बघत राहिले. बोटांतलं टोक त्यांनी अजून सोडलं नव्हतं. मग म्हणाले, "हा. तार तुटनी. माल हलका व्हता."

चुलत्यांच्या ओट्यावर बसून त्यांनी ते येईल-जाईल त्याला सांगितलं. केवढा मासा होता, आणि दुकानदारानं कशी हलकी दोरी गळ्यात मारली. बिचाऱ्या काकांची नाहक बदनामी झाली. मी मनात खूश होते. म्हटलं, जन्मभर ज्याची गाठ सुटली नाही त्या माणसाला शेवटी मान खाली घालायला लागली नाही, एवढं तरी मी केलं. सुरतेला परत येताना गाडीत ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले.

थंडीच्या दिवसांत आप्पा गेले. घर शांत झालं म्हणावं तर तेही नाही. ते स्वतः ओरडून बोलायचे आणि आम्ही हातांनी, आता माय आणि मी तोंडानं बोलतो आणि आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. कितीदा मी पाठमोऱ्या मायला हातानं खूण करते आणि मग लक्षात येतं, हिला ऐकू येतं.

पुढच्या अखाजीला गावी गेलो. आमच्याकडे अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरून पुजतात, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या ठेवतात. मला भाऊ नाही, म्हणून आप्पांची घागर मीच भरली. कुणी काही बोललं नाही, आणि बोललं असतं तर माझ्या तोंडाला लागून पस्तावलं असतं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी काठीची पिशवी उचलली आणि डोहावर गेले. माय मागून आली.

वर्षभर ती पिशवी माहेरीच होती, मी उघडली नव्हती. बाभळीखाली बसून तुकडे जोडले, दोरी हातात घेतली आणि बघते तर पिवळ्या दोरीला तंगूस जोडलेला. पुढं नवा गळही लावलेला. आणि मधे गाठ. मोठी, ओबडधोबड, गुंडाळे घेऊन घेऊन मारलेली, हरभऱ्याएवढी. शेडमध्ये बघितली असती तर आप्पांनी ज्याला त्याला शिव्या घातल्या असत्या अशी गाठ. तिच्या मागं हातभर पिवळी दोरी सगळी चुरगळलेली, जागोजागी मोड पडलेले.

मी मायकडे बघितलं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तू दुकानात गेलीस की घेऊन बसायचे. रोज. मारायचे, ओढायचे, सुटायची. परत मारायचे. तुला सांगू नको म्हणाले."

म्हणजे त्यांना कळलं होतं. इथंच, त्या खुर्चीत, टोक चिमटीत घेतलं तेव्हाच. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून मी खोटं बोलले, आणि त्यांच्या बोटांना मी विसरलेच. पोरीचं मन राखायला ते गावभर सांगत फिरले, तार तुटली. आणि मग घरी बसून, श्वास पुरत नसताना, एक कुरूप गाठ मारायला शिकले. स्वतः परत इथं येणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग ती गाठ कुणासाठी होती, हे मला कुणी सांगायला नको.

मी दोन्ही बाजूंनी दोरी मुठीला गुंडाळली आणि ओढली. अजून जोरात ओढली. तंगूस बोटात रुतला, रक्त आलं, माय म्हणाली पुरे आता, तरी ओढली. सुटली नाही.