कडक देव आणि अनुच्छेद वीस

टाइल्सच्या दुकानात मागे फुटक्या मालाचा एक ढीग असतोच. विकता येत नाही, फेकवत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या किश्शांचंही माझ्याकडे तसंच झालं आहे. त्यातले देव आणि कायदा यांची टक्कर झालेले तुकडे आज बाहेर काढतो. डोक्यात तेवढी जागा तरी होईल!

*

माझ्याकडे सगळ्यात जास्त काय खपतं, सांगा? बाथरूमची टाइल? नाही हो. देवाची टाइल! जिन्यात लावायची, म्हणजे लोक तिथे थुंकत नाहीत.

एकदा एका सरकारी ऑफिसचे साहेब आले. म्हणाले, "जिन्यासाठी देव द्या. पण जरा कडक द्या! मागच्या वेळचे फार शांत निघाले."

मी म्हटलं, "साहेब, थुंकायला दंड आहे ना? तुमच्याच सहीचा बोर्ड आहे तिथे."

"बोर्डावरच तर थुंकतात!"

सगळ्या धर्मांच्या मिळून चार डझन टाइल्स नेल्या. महिन्याभरात परत हजर. लोक आता दोन टाइल्सच्या मधल्या जागेत थुंकतात, नेम धरून!

"नेम एवढा पक्का आहे, तर खाली एक डबा ठेवून पाहा," मी म्हटलं.

साहेब रागावले. पण जाताना आणखी दोन डझन देव घेऊन गेले!

*

आमच्या व्यापारी संघाचे अध्यक्ष ठवकरभाऊ. साड्यांचं दुकान. त्यांनी दुकानापुढे रस्त्यावर चार फूट ओटा बांधला. नोटीस आली. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर मारुतीचं छोटं देऊळ उभं, पितळी घंटेसकट! अतिक्रमणवाले आले, हात जोडले, परत गेले. भाऊ खूश.

दोन वर्षांनी भाऊंना शटर मोठं करायचं होतं. देऊळ नेमकं मध्ये! हलवायची हिंमत होईना. माझ्या दुकानाच्या वर मेश्राम वकिलांचं ऑफिस आहे. भाऊ तिथे गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वकीलसाहेब, ते जुनी नोटीस पुन्हा काढता येते काय जी?"

"कोणावर?"

"माह्यावरच! त्याइनं देऊळ पाडलं तं पाप त्याइले लागन ना!"

मेश्राम साहेबांनी पाणी मागवलं. स्वतःसाठी.

*

मग भाऊंचा गुडघा दुखायला लागला. एका महाराजांनी सांगितलं, मागच्या जन्मीचं पाप आहे. भाऊ माझ्या काउंटरवर चहा पीत मोठ्या भक्तिभावाने हे सांगत होते. मेश्राम साहेब समोरच बसलेले, माझी संविधानाची प्रत चाळत.

"भाऊ, अनुच्छेद वीस. जे केलं ते त्या वेळी लागू असलेल्या कायद्यानं गुन्हा असलं पाहिजे. मागच्या जन्मी कोणता कायदा होता?"

"माले काय मालूम?"

"पकडलं तर कारण सांगावं लागतं. तुम्हाला सांगितलं?"

"नाही ना जी!"

"मग ही शिक्षा बेकायदेशीर आहे."

भाऊ विचारात पडले. मग एकदम खुशीत येऊन म्हणाले, "मंग अपील कुठी करायची?"

मी कपाळाला हात लावला.

*

इथवर हसण्यावारी होतं. मग देवळातली घंटा चोरीला गेली, आणि गल्लीने नाव घेतलं रंजनाबाईचं. कारण काय? ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गल्ली झाडते! अकरा वर्षं झाडते आहे. शेजारच्या दोन गल्ल्याही तिच्याचकडे. इथून चोर म्हणून काढलं, की तिथूनही जाणार, हे तिला कळत होतं आणि आम्हालाही.

मी म्हटलं, पोलिसात तक्रार द्या. भाऊ म्हणाले, "पोलीस कायले? ज्यानं नेली त्याचा हात आठ दिवसांत झडन! सगळे मारुतीवर हात ठेवून शपथ घ्या."

सगळ्यांनी हात ठेवला. मीही ठेवला, कशाला खोटं सांगू! रंजनाबाई मागे उभी राहिली.

"काहून वं? भेव वाटून राहिलं काय?"

"भाऊ, आम्ही बौद्ध. मी हात ठेवला तं तुम्ही म्हणान, हिले काय, हे मानतच नाही. नाही ठेवला तं म्हणान, हेच चोर आहे. मंग मी करू काय? तक्रार लिहा. माहं नाव टाका. मी उत्तर देतो."

लिहायला कोणी तयार नाही! ठरलं एवढंच, की आठ दिवस वाट पाहायची. कोणाच्याच हाताला काही झालं नाही, तर शपथ घेणारे सगळे सुटले, म्हणजे शपथ न घेणारीच चोर. तिला काढायचं. मी वाद घातला, मेश्राम साहेबांनी घातला. ऐकतो कोण!

*

ते आठ दिवस विचारू नका. गल्लीत कोणी शिंकेना! भांडेवाल्याला खोकला झाला, तर तो गोदामात जाऊन खोकायचा. पाचव्या दिवशी माझ्या बोटावर टाइल पडली. बोट सुजलं. मी तीन दिवस हात खिशात घालून गिऱ्हाईक केलं! वर मेश्राम साहेबांचा टोमणा: "शेठ, संविधान वाचता ना तुम्ही?"

*

घंटा अजून सापडलेली नाही. पण आठव्या दिवसाचं तेवढं सांगतो.

सकाळी सगळी गल्ली देवळापुढे जमली. रंजनाबाई झाडू घेऊन एका बाजूला. अध्यक्षांचाच पत्ता नाही! शेवटी ऑटोतून उतरले. अंगावर शाल. भर मे महिन्यात, नागपुरात! उतरताना शाल सरकली.

उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये!

सगळ्यांची नजर प्लास्टरवर.

"बाथरूममंदी घसरलो!" भाऊ ओरडले. माझ्याकडे डावं बोट दाखवलं. "याच्याच टाइलवरून!"

"आठ दिवसांतच काहून घसरले जी?" मागून कोणीतरी विचारलं.

"अरे, हातावरून काय ठरते? पुरावा आहे काय? पाहणारा आहे काय कोणी? माणसाले आपली बाजू तं मांडू द्यान का नाही? काही कायदा आहे का नाही या देशात?"

मेश्राम साहेब वर खिडकीत उभे होते. त्यांनी खिडकी पूर्ण उघडली.

रंजनाबाईने झाडू भिंतीला टेकवला. माझ्या दुकानातलं स्टूल आणलं, पदराने पुसलं आणि भाऊंच्या पुढे ठेवलं.

"बसा जी भाऊ," ती म्हणाली. "सांगा तुमची बाजू. आम्ही ऐकून राहिलो."