घाटातली एरियल

माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे 'काटा' म्हणतात. शिलाई मशिनं दुरुस्त करायला ते गावोगाव फिरतात आणि कुठेही पोचले की चहाच्याही आधी खिशातला रेडिओ काढून काटा फिरवतात. मग घरी फोन. इथे दोन स्टेशनं लागतात, एकावर जुनी गाणी, दुसऱ्यावर नुसत्या जाहिराती. माझी जाऊ म्हणायची, "खाल्लंत का काही, ते सांगा. खाल्लंत का?" तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय.

मुलगी बापाच्या वळणावर गेली. शाळेतली कायमची नोकरी सोडून घाटापलीकडच्या छोट्याशा रेडिओ स्टेशनवर लागली. जाऊने तिच्याशी बोलणं टाकलं. पहिल्यांदा एकटी माइकवर बसायची वेळ आली, तेव्हा मुलीने मला फोन केला. "काकू, आईला एकदा ऐकव. मग नाही बोलली तरी चालेल."

ते स्टेशन ना आमच्या घरी लागायचं, ना मोबाइलवर. म्हणून सकाळीच आम्ही तिघं भावजींच्या गाडीतून निघालो. जाऊ मागच्या सीटवर, तोंड खिडकीकडे.

गाडीच्या रेडिओवर गाद्या विकणारा एकजण ओरडत होता. "हे शेजारचं दांडगं स्टेशन," भावजी म्हणाले. "आपलं याच्याखाली दबलंय." घाटमाथ्यावरच्या पेट्रोल पंपावर ते खिशातला रेडिओ कानाला लावून, काही हरवल्यासारखे फिरत राहिले. हवा भरायच्या जागेमागे भिंतीशी एकदम थांबले. खरखरीतून पोरीचा आवाज येत होता.

भावजींनी एरियल धरली, आवाज गेला. मी धरली, गादीवाला आला.

"तू धर," ते बायकोला म्हणाले.

"मी काय विजेचा खांब आहे?" म्हणत तिने धरली आणि आवाज असा स्वच्छ आला, की जणू पोर भिंतीपलीकडेच बसली असावी.

ती बसच्या वेळा सांगत होती. मग कुठे पाणी येणार नाही, मग कुणाची तरी सापडलेली किल्ली. एवढं शिकून हेच का, असं जाऊ पुटपुटली, पण एरियल सोडली नाही. तेवढ्यात मुलगी म्हणाली, नदीवरचा पूल बंद आहे, मोठ्या गाड्यांनी खालच्या रस्त्याने जावं.

चाकात हवा भरणाऱ्या ट्रकवाल्याने मान वर केली. त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. पण पोरीने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"बाईंनी वाचवलं," तो म्हणाला. "पार पुलापर्यंत जाऊन मागे फिरावं लागलं असतं." आणि त्याने ट्रक वळवला.

"बाई कसली, मुलगी आहे माझी," जाऊ त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "दोनदा सांगायची सवय माझी घेतलीय तिने."

भावजी रेडिओकडे बघत राहिले. त्यांचं सगळं तोंड हसत होतं.

कार्यक्रम संपला, गाणं लागलं. हात भरून आला तरी जाऊ एरियल सोडेना. पोर पुन्हा बोलली तर? तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलगीच होती. मी तो जाऊच्या कानाला लावला.

जाऊने घसा साफ केला.

"खाल्लंस का काही?" ती म्हणाली. "खाल्लंस का?"