घोडेगावातला ऐंशीचा आकडा

"ऐकलं गं बाई," असं म्हणून आमचे जुने ड्रायव्हर मामा मोबाईलच्या काचेवर बोटाने टकटक करायचे. पुढे कॅमेरा आहे, वेग कमी करा, असं त्यातली बाई सांगायची, तेव्हा त्यांच्या ट्रकचा वेग आधीच उतरलेला असायचा.

केडगावच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी गाड्यांच्या नेव्हिगेशनचं काम बघते. तुम्हीही असे ड्रायव्हर पाहिले असतील, जे कॅमेऱ्यापुरते साधू होतात आणि तो मागे पडला की पाय दाबतात. मामांचं तसं नव्हतं. "कॅमेऱ्याला धडकून कोन मरतंय, ताई?" ते म्हणायचे.

एकदा ते सॉफ्टवेअर तपासायला मी त्यांच्या गाडीतून निघाले. घोडेगावात जनावरांचा बाजार भरला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना टेम्पो, म्हशी, माणसं. मोबाईलवर वेगमर्यादा ऐंशी. मामा वीसने चालले होते आणि मागचे हॉर्न वाजवत होते.

"हिला म्हशी दिसत न्हाईत," ते म्हणाले. "नकाशावाल्या कंपनीला कळवा. नवी पोरं आकडा बघून गाडी हाणत्यात."

मी हो म्हणाले आणि राहून गेलं. पुढे दर फेरीला ते विचारायचे, "कळवलं का?" मी म्हणायचे, "आज करते."

महिन्याभराने आमच्याच एका नव्या ड्रायव्हरने तिथे रस्ता ओलांडणाऱ्या शेतकऱ्याला उडवलं. जीव वाचला, पाय मोडला. ड्रायव्हर रडत एकच सांगत होता, "ऐंशी दाखवत हुतं. मी सत्तरवरच हुतो."

दुसऱ्या दिवशी मामा ऑफिसात आले. आता बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. ते खुर्ची ओढून बसले. "लिहा. मी सांगतो." गावाची सुरुवात, शाळा, बाजाराचं फाटक, सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. "बाजाराचा वार बी टाका." मग माझ्यासाठी चहा मागवला. तो बाजूला ठेवून मी सगळं तेव्हाच कंपनीला पाठवलं.

काही आठवड्यांनी तिथे चाळीस दिसू लागलं. मी फोन करून सांगितलं. "बरं झालं," मामा म्हणाले. "त्या पाय मोडलेल्या मानसाला एकदा भेटून या." मी गेले. मामा त्याच्याकडे आधीच दोनदा जाऊन आले होते.

नंतर त्यांची नजर कमी होत गेली, आणि लायसन्स पुन्हा मिळालं नाही. गाडी सोडून ते गावी पुणतांब्याला निघाले, तेव्हा मी एसटी स्टँडवर पोचवायला गेले. बस फाटकातून वळू लागली. मामांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं, निरोप देताहेत. ते मागून घुसणाऱ्या रिक्षाला थांबवत होते.