अक्कांची झाळलेली नळी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या कळंबच्या दुकानात शेतीपंपाची जळालेली मोटार भरत होते. हातातली कॉइल पुरी गुंडाळली, गाठ मारली, मगच शटर ओढलं. "जाऊ गेली अन् ही बाई तारा गुंडाळीत बसली," असं गावभर झालं. होऊ दे! अर्धी कॉइल टाकून उठायचं नाही, हा अक्कांचाच दंडक. तो त्यांच्याच दिवशी मोडायचा होय?

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचे मालक वारल्यावर दुकान आम्ही दोघींनी धरलं. सगळ्यांत थोरले दीर आप्पा. त्यांना ते खुपायचं.

"बायांनी मोटारी भरायच्या? लोकं हसत्यात. गाळा भाड्यानं देऊ."

असंच एकदा म्हणाले, तेव्हा अक्कांनी तांब्याची एक नळी उभी धरली. आधी आतून नट सोडला, खट्‌कन खाली. मग चुंबक सोडलं. ते आपलं रमतगमत… खाली येईचना.

"आत चिकटतंय जणू," आप्पा म्हणाले.

"तांब्याला चुंबक चिकटत न्हाई. लावून बघा की! ते सरकलं की तांब्यात करंट उठतो, आन त्या सरकण्यालाच आडवतो. गप ऱ्हायलं तर काय बी न्हाई. माझं तसंच हाये. तुमी लोटलं की मला जोर येतो."

आप्पांना वाटलं, आत ग्रीस फासलंय. आम्ही डिंभ्याला मोटार बसवायला गेलो, तर मागं त्यांनी नळी करवतीनं उभी चिरली! आत काय? डोंबल! पण चुंबक आता भराभर पडायला लागलं आणि आप्पा खूश.

"झाली ना जादू खलास?"

"करंटाला गोल फिरायला वाट लागती. ती तुमी तोडली," म्हणत अक्कांनी चीर झाळून पुन्हा सांधून टाकली. चुंबक पुन्हा रेंगाळायला लागलं. आप्पा चहा न घेताच गेले.

परवा ते पुन्हा आले. "आता तरी गाळा देऊ. एकटी काय करशील?"

खरं होतं ते. एकटीच आहे मी. समोरची मोटार भरताना अजून शेजारी बघून "अक्का, पक्कड द्या" म्हणते… खुंटीवरची नळी काढली आणि चुंबक आप्पांच्याच हातात दिलं.

"सोडा."

त्यांनी सोडलं. आम्ही दोघं खाली बघत उभे. बऱ्याच वेळानं फरशीवर टक्‌ वाजलं.

"आता लोटा मला, आप्पा," मी म्हटलं आणि पुढची कॉइल गुंडाळायला घेतली.