लोखंडी कढईतली मेंदी

फॉइल हाताला गरम लागलं.

कोमट असतं तर मी मनावर घेतलं नसतं. केसांचा रंग उतरवताना थोडी ऊब येतेच. पण हे चटका बसेल इतकं गरम होतं. तेही ग्लव्हजमधून.

खुर्चीत मयुरी बसली होती. मसुऱ्याची, चोवीस वर्षांची, चार दिवसांनी लग्न. मागच्या सोफ्यावर तिची आई. डोक्यात चौदा फॉइल, आणि पार्लरमध्ये तिसरी कोणी नाही, फक्त मी. कोल्हापूरला सहा महिन्यांचा कोर्स करून मालवणात नोकरीला लागून मला तीन आठवडे झाले होते. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घरी आचऱ्याला भिंतीवर लावलं होतं. आमच्या वैशाली मॅडम नांदगावला दुसऱ्या नवरीचा मेकअप करायला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "हायलाइट्सच आहेत. तू कर. कधीतरी सुरुवात करायलाच हवी ना?" मीही मान डोलावली होती. फार खूश झाले होते, खोटं कशाला सांगू.

हायलाइट्स म्हणजे केसांच्या मोजक्या बटा उजळ करायच्या. त्यासाठी ब्लीच पावडर आणि डेव्हलपर एकत्र कालवून बटेला लावतात आणि ती बट फॉइलमध्ये गुंडाळतात. डेव्हलपर म्हणजे शेवटी पेरॉक्साइड. केसातला काळा रंग ते हळूहळू खातं. हळूहळू, हे महत्त्वाचं. दर पाच मिनिटांनी एखादं फॉइल उघडून बघायचं. मी पहिल्यांदा उघडायला गेले तेव्हाच हे झालं.

दुसरं फॉइल चाचपलं. तेही गरम. तिसरं तर इतकं, की मी हात मागे घेतला. आरशात मयुरीची आई माझ्याकडे बघत होती. दचकलेलं दाखवायचं नाही, हे कोर्समध्ये न शिकवताही कळतं.

"मयुरी, चल, बेसिनला जाऊया."

"इतक्यात झालं, ताई?"

"हो. चल लवकर."

सगळ्यात गरम असलेली फॉइल आधी काढली. एका फॉइलमधून चक्क वाफ निघाली. मी थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडला. केस चोळायचे नाहीत, नुसतं पाणी वाहू द्यायचं, एवढं त्या गडबडीतही लक्षात राहिलं. डाव्या कानाच्या वरची बट धुताना मात्र हाताला काहीतरी विचित्र लागलं. ओला केस हलका ओढला तर थोडा ताणला जाऊन परत जागेवर यायला हवा. हा ताणत गेला, ताणतच गेला, आणि तुटला. एक केस नाही. करंगळीएवढी जाड अख्खी बट माझ्या हातात आली. डोक्यावर उरले चार बोटं केस, गंजाच्या रंगाचे.

मयुरीची आई उठून जवळ आली. "गो, काय झाला? कित्याक काढतंस सगळा?"

आमच्या पार्लरमध्ये गिऱ्हाइकाशी शुद्ध बोलायचं, असा मॅडमचा नियम होता. मालवणी बोललं की पार्लर गावठी वाटतं म्हणे. सकाळी मी त्याच शुद्ध भाषेत, कोर्सच्या फॉर्मवर छापलेलं वाक्य विचारलं होतं, "केसांवर यापूर्वी कोणतीही केमिकल ट्रीटमेंट झालेली आहे का?" दोघी एका सुरात "नाही" म्हणाल्या होत्या. मयुरीचे केस काळेभोर, दाट. मला शंका यायचं काही कारण दिसलं नाही.

आता नियम वगैरे कुठल्या कुठे गेले.

"काकी, घराकडे केसांक काय काय लावतास?"

"काय नाय. तेल. आणि मेंदी."

"मेंदी? कधीपासून?"

"धावीत असल्यापासून. म्हयन्या-दोन म्हयन्यान. लगीन इला म्हणान गेल्या आठवड्यात परत लावलंय."

"भिजवतास कशात?"

"लोखंडाच्या कढयेत. चायच्या पाण्यात. रातभर ठेवलंय की काळी कुट्ट होता."

आमच्याकडे घरोघरी अशीच मेंदी भिजवतात. माझी आईसुद्धा. चहाच्या पाण्याने कढईचं लोखंड मेंदीत उतरतं आणि मेंदीबरोबर केसात जाऊन बसतं. एरवी त्याचा काही त्रास नाही, केस छान काळे दिसतात. पण त्यावर पेरॉक्साइड पडलं की दोघांची जुंपते, आणि केस भाजून निघतो.

"मगाशी मी इचारलंय तेव्हा कित्याक सांगूक नाय?"

"तू केमिकल इचारलंस. मेंदी केमिकल आसा काय?"

बाई शंभर टक्के खरं बोलत होती.

मयुरीच्या केसांना टॉवेल गुंडाळला आणि आत जाऊन मॅडमना फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. मी सगळं सांगितलं.

"मग आईला सांग ना, मेंदीमुळे झालं," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी लपवलं. आपली चूक नाही."

"मॅडम, मी स्ट्रँड टेस्ट केली नव्हती."

पलीकडे कुणीतरी "पिना खंय आसत?" विचारत होतं, तेवढं ऐकू आलं.

स्ट्रँड टेस्ट म्हणजे मागून दहा-बारा केस कापायचे, वाटीत त्याच मिश्रणात बुडवायचे आणि अर्धा तास काय होतं ते बघायचं. कोर्समध्ये आमच्याकडून हे प्रत्येक वेळी करून घ्यायचे. सकाळी मयुरीची आई दोनची एसटी पकडायची म्हणून घाई करत होती, हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. वाटीत केस बुडवून अर्धा तास बसले तर मी शिकाऊ वाटले असते. मला शिकाऊ दिसायचं नव्हतं.

"आता तुझं तू बघ," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मॅडमनी सांगितलेली वाट सोपी होती, आणि त्यात खोटंही फार नव्हतं. पण मी बाहेर आले तर ती माय टॉवेलखालून मुलीचे केस चाचपत होती. चार दिवसांवर लग्न. तुमच्या हातानेच झालं, असं सांगितलं असतं तर तिला ते जन्मभर पुरलं असतं. न सांगावं, तर ती घरी असलेल्या धाकट्या मुलीलाही तेच लावून पुन्हा कुठल्यातरी पार्लरमध्ये पाठवणार. मला रडू येत होतं. रडले नाही, कारण मयुरी आधीच रडत होती, अजिबात आवाज न करता.

"काकी, कढयेतल्या लोखंडान झाला," मी म्हटलं. "पण मी आधी चार केस कापून बघूक व्हया होता. मी बघूक नाय. चूक माझी."

काकींनी मयुरीच्या डोक्यावरचा टॉवेल सोडवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मयुरीने आरशात ती तुटकी जागा बघितली, बोट लावून बघितली.

"ताई, ह्या झाकतला?"

"झाकतला," मी म्हटलं. कसं झाकायचं, ते मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं.

उरलेल्या केसांना प्रोटीन पॅक लावला, जळलेली टोकं कापली. रंगाला पुन्हा हात लावला नाही. दोनची एसटी केव्हाच गेली होती. निघताना काकी दारात थांबल्या.

"लग्नाक तूच येवक व्हया. दुसऱ्या कोणाक मी ह्या दाखवूचंय नाय."

विश्वास होता की शिक्षा, ते मला आजही सांगता येणार नाही.

चार दिवस मी घरी प्लॅस्टिकच्या डमीवर एकच अंबाडा घालत होते. डमीची डाव्या कानावरची बट स्वतः कापली. भांग उजवीकडून काढायचा, वरचे केस डावीकडे सैल वळवून आणायचे, अंबाडा खाली आणि जरा कलता, आणि त्या जागेवर सुरंगीच्या फुलांचा वळेसार, म्हणजे आमच्याकडचा जाड गजरा. अशक्त केसांना उलटा कंगवा मारून फुगवणं चालत नाही, स्प्रेही बेताचा. सगळी भिस्त पिनांवर.

लग्नाच्या सकाळी केस जमले. मांडवात अंतरपाट धरला, मयुरीने मान खाली घातली, आणि वळेसार हळूहळू घसरायला लागला. गंजाच्या रंगाचे ते चार बोटं केस बाहेर डोकावले. मी दातांत पिना धरून मागे जाऊन उभी राहिले.

"करवली, जरा बाजूला व्हा," फोटोग्राफर ओरडला.

मी हलले नाही. समोरून सासरची माणसं बघत होती. तेवढ्यात काकी पदर सावरत आल्या आणि थेट कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "अहो, वहिनी!" फोटोग्राफर कळवळला. काकी ढिम्म. मला दोन पिना खोचायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ त्या अंतरपाटाकडे बघत तिथेच उभ्या होत्या. मग बाजूला झाल्या. अक्षता पडल्या.

पंगतीत काकी स्वतः वाढायला आल्या. माझ्या पानात भात घालत हळूच म्हणाल्या, "माझा पण चुकला, तुझा पण चुकला. जेव आता."

चार दिवसांनी पहिल्यांदा मला भूक लागली होती.

आता माझं स्वतःचं पार्लर आहे. फॉर्म आहे, पण भरायच्या आधी मी मालवणीत गप्पा मारते. केसांना घरात काय लावता, कोण लावतं, कशात कालवतं. बायका भरभरून सांगतात. आणि टेस्ट केल्याशिवाय मी कुणाच्याही केसांना ब्रश लावत नाही, मग ती कितीही घाईत असो.

मी त्या दिवशी अर्धा तास वाचवला होता. मयुरीची ती बट हनुवटीपर्यंत यायला वर्ष लागलं.